४८ व्होल्टच्या बॅटरीचा करंट मोजायला कोणता अँप्लिफायर घ्यावा?

४८ व्होल्टच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत १ मिलिओहमचा शंट (करंट मोजायला लावलेला अगदी छोटा रेझिस्टर) घातला आणि २० अँपिअर वाहिले, तर शंटवर मिळतात फक्त २० मिलिव्होल्ट. मोजायचे तेवढेच, पण शंटची दोन्ही टोकं ग्राउंडच्या ४८ व्होल्ट वर. हेच कॉमन-मोड व्होल्टेज. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) किती हवा हे नंतर बघू, आधी याचा बंदोबस्त.

एक ऑप-अँप (साधी अँप्लिफायर चिप) आणि चार रेझिस्टर हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि फसगत इथेच होते. १६ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक पूर्ण चार्ज झाला की ५८.४ व्होल्टवर जातो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ऑप-अँपच्या पिनवर तो ४.५ व्होल्टपर्यंत उतरवायला १२० किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी लागते. त्यात २० मिलिव्होल्टचा सिग्नलही १.७ मिलिव्होल्ट उरतो. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतले, तरी त्यांच्या फरकातून ४८ व्होल्टमागे वाईटात वाईट १७७ मिलिव्होल्टची चूक इनपुटवर उमटते. म्हणजे करंट शून्य असताना मीटर १७७ अँपिअर दाखवू शकतो! शून्य कॅलिब्रेट करून भागत नाही, कारण ही चूक बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर सरकते. ५८ वरून ४४ व्होल्टवर येईपर्यंत रीडिंग ५२ अँपिअरने हलू शकतं.

एडी६२० सारखा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर (दोन इनपुटमधला छोटा फरक अचूक वाढवणारी चिप) इथे नकोच. त्याची इनपुट सप्लायच्या आत राहावी लागतात. ±१५ व्होल्टवर चालवून ४८ व्होल्ट दिले तर चिप जाईल. त्याची जागा लोडसेलच्या, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या, ब्रिजवर, जिथे ५ व्होल्ट दिले की कॉमन-मोड २.५ व्होल्टवर बसतं. थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या वायरींच्या जोडीला) लावताना मात्र एका टोकापासून ग्राउंडला १० किलोओहम जोडा, नाहीतर बायस करंटला (इनपुट पिनमधून वाहणाऱ्या किंचित करंटला) वाट मिळत नाही आणि आउटपुट रेलला, म्हणजे सप्लायच्या टोकाला, चिकटतं.

४८ व्होल्टला आमची पसंती आयएनए२४० या करंट मोजणाऱ्या अँप्लिफायरला. तो स्वतः ५ व्होल्टवर चालतो आणि इनपुटवर −४ ते +८० व्होल्ट सोसतो. सीएमआरआर (कॉमन-मोड दाबण्याची क्षमता) साधारण १३२ डीबी, म्हणजे ४८ व्होल्टमागे १२ मायक्रोव्होल्टची चूक. १ मिलिओहमवर १२ मिलिअँपिअर. मोटारच्या पीडब्ल्यूएमच्या (झटपट चालू-बंद होणाऱ्या व्होल्टेजच्या) उड्याही तो दाबतो. गेन ५० चा ए२ प्रकार घ्या आणि रेफरन्स (करंट शून्य असताना आउटपुट जिथे बसतं ते व्होल्टेज) २.५ व्होल्टवर ठेवा: चार्ज-डिस्चार्ज दोन्हीकडे जवळपास ५० अँपिअरची रेंज मिळते. ५० अँपिअरला शंट २.५ वॉट तापतो, म्हणून ५ वॉटचा बसवा. सेन्सच्या वायरी थेट शंटच्या पॅडवरून काढा. फिल्टरचे रेझिस्टर १० ओहमच्या आत ठेवा, आणि कपॅसिटर दोन वायरींच्या मध्ये लावा. प्रत्येक वायरीवरून ग्राउंडला वेगळा लावला, तर दोघांच्या फरकातून कॉमन-मोडच सिग्नल बनून आत शिरतं.

शंट निगेटिव्ह वायरीत चालत असेल तर प्रश्न सोपा होतो: कॉमन-मोड शून्याजवळ, ओपीए३३३ सारखा १० मायक्रोव्होल्ट ऑफसेटचा (इनपुट शून्य असतानाही राहणाऱ्या चुकीचा) ऑप-अँप पुरतो. एलएम३५८ नको, त्याचा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे ७ अँपिअरची चूक. पण लोडचा ग्राउंड वर उचलला जातो, आणि पॉझिटिव्ह वायर चासीला टेकली तर तो करंट शंटमधून जाईलच असं नाही. वाहनात हे चालवून घेऊ नका.

८० व्होल्टच्या वर गेलात की एएमसी१३०१ सारखा आयसोलेटेड (दोन बाजूंत थेट विजेचा संबंध नसलेला) अँप्लिफायर. त्याला शंटच्या बाजूला वेगळा आयसोलेटेड सप्लाय लागतो. इनपुटची पूर्ण रेंज ±२५० मिलिव्होल्ट असल्याने शंटही मोठा हवा: ५० अँपिअरला ५ मिलिओहम, म्हणजे १२.५ वॉट उष्णता.

४८ व्होल्टच्या गाडीतही आधी स्कोप लावून स्पाइक बघा. एसएमबीजे५८ए सारखा टीव्हीएस (स्पाइक अडवणारा डायोड) पूर्ण पल्स करंटला ९३.६ व्होल्टवर क्लँप करतो, म्हणजे तो लावूनही ८० ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.