मूडल अपग्रेडनंतर फायली गायब: जुनं फाइलडिर की कोर्सचा बॅकअप?

मूडल म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली. आधी तिच्या कॉन्फिग फाइलमधला डेटारूट, म्हणजे फायलींच्या ‘मूडलडेटा’ फोल्डरचा पत्ता, पाहा. तो चुकीच्या फोल्डरकडे वळला असेल तर काहीच हरवलेलं नाही.

जुन्या मूडलडेटाची प्रत असेल तर तिचं फाइलडिर (अपलोड झालेल्या फायलींचा उपफोल्डर) आरसिंकने (फायली कॉपी करायचं साधन) नव्यात मिसळा. इथे फाइलचं नाव म्हणजे मजकुराचा ४० अक्षरी शा-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा); ‘एबी१२…’ ही फाइल एबी/१२ मध्येच बसते. त्यामुळे नावांची टक्कर होत नाही. डेटाबेसमधल्या या फायलींच्या नोंदी मात्र शाबूत हव्यात. मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्यायला विसरलात, तर फायली असूनही उघडणार नाहीत.

एमबीझेड बॅकअप (मूडल कोर्सची बॅकअप फाइल) नोंदीही परत आणतो, पण नव्या कोर्समध्ये रिस्टोअर केला तर आयडी बदलतात, जुन्या लिंक तुटतात. युजर डेटाविना घेतलेला असेल तर मुलांच्या असाइनमेंट गेल्याच. नोंदी शाबूत असतील तर फाइलडिरच.