फोर्ड रेंजरला एक्सप्लोररचा ८.८ इंची मागचा अ‍ॅक्सल: घ्यावा का?

रेंजर हा फोर्डचा पिकअप, एक्सप्लोरर ही एसयूव्ही; ८.८ इंच हा अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या रिंग गिअरचा व्यास. जुन्या रेंजरसाठी भंगारातून घेणार असाल तर १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचाच घ्या. डिस्क ब्रेक त्यालाच मिळतात. रेंजरच्या ७.५ इंची अ‍ॅक्सलच्या २८ स्प्लाइनऐवजी (शाफ्टच्या टोकाचे दाते) इथे ३१, आणि चाकाचे पाच बोल्ट जसेच्या तसे बसतात. दारावरच्या स्टिकरवर 'डी४' दिसलं तर सोडू नका: ३.७३ गिअर रेशो आणि लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल.

खरं काम वेल्डिंगचं. एक्सप्लोररमध्ये अ‍ॅक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) वर बसतो, रेंजरमध्ये खाली. म्हणून पाट्या टेकतात त्या जुन्या बैठका कापून अ‍ॅक्सलच्या नळीच्या वरच्या बाजूला नव्या लावाव्या लागतात. आधी नुसते टाके मारा, गाडीचं वजन चाकांवर टाकून पिनियनचा (ड्राइव्ह शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचा) कोन जुळवा, मगच पक्कं वेल्डिंग. तेही थोडं थोडं, थांबून; सलग ओढलं की नळी वाकते आणि सील गळू लागतात.

हँडब्रेकचे शूज डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये असतात. त्यांच्या मागची प्लेट गंजून तुटते, ती खरेदीआधीच तपासा. लिमिटेड स्लिपच्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण नीट राखणारं मिश्रण) विसरलात तर वळणावर डिफरन्शियलमधले क्लच कुरकुरतील. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकच्या केबलीही त्याच गाडीच्या काढून आणा.

ताकदीला पूर्ण गुण. वेल्डर नवशिका असेल तर मात्र नको.