रीमॅप केलेल्या गाडीसाठी क्लच: सिरॅमिकपेक्षा ऑरगॅनिक बरा

मूळ २५० न्यूटन-मीटर टॉर्कची टर्बो डिझेल गाडी रीमॅपनंतर (इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर) सव्वातीनशेच्या घरात गेली, की चोर्ला घाटाच्या चढणीवर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतो, वेग मात्र तिथेच राहतो, म्हणजेच क्लच घसरतो. अशा वेळी बेळगावातील काही गॅरेजवाले सरळ सिरॅमिक क्लच प्लेट सुचवतात. ती उष्णता उत्तम सोसते, परंतु अर्धा क्लच तिला मानवत नाही, आणि खडेबाजारच्या गर्दीत गाडी हिसके देतच पुढे सरकते. म्हणून मी ऑरगॅनिक (तंतू आणि राळेच्या अस्तराची) प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणारी अधिक दाबाची प्रेशर प्लेट निवडली. पेडल जड झाले (डाव्या पायाची तक्रार आहेच), पण क्लचचे घसरणे थांबले. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) त्याच वेळी बदलावे, कारण पुढे तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी बेअरिंगहून महाग पडते. फ्लायव्हीलवर निळे डाग (अति तापल्याची खूण) असल्यास तेही तपासून घ्यावे.