आयपीएस, व्हीए की ओलेड? आधी खोलीची खिडकी बघा

लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचाय. आयपीएस घेऊ का व्हीए? का अजून पैसे साठवून डायरेक्ट ओलेडच घेऊ?" मी विचारलं, "तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?" पलीकडं शांतता. त्याला वाटलं, मामाला नीट ऐकू गेलं नाही.

ऐकू गेलं होतं. आयपीएस, व्हीए, टीएन, ओलेड हे मॉनिटरच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, प्रकार. परभणीत घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. दिवसभर लग्नपत्रिका, फ्लेक्स, पतसंस्थांचे अहवाल, आणि रात्री जेवणं उरकली की त्याच स्क्रीनवर गेम. या टेबलावरून आजवर टीएन गेला, व्हीए गेला, सध्या आयपीएस आहे. ओलेड माझ्याकडं नाही, पण छत्रपती संभाजीनगरच्या एका मित्राकडं चार दिवस मुक्काम ठोकून त्याच्या ओलेडवर मनसोक्त खेळून आलोय. या सगळ्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कुठला गेम खेळता यापेक्षा कुठल्या खोलीत, किती वाजता आणि कसल्या लाइटवर खेळता, यावर पॅनेल ठरतं.

फरक समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. आयपीएस, व्हीए आणि टीएन हे तिन्ही एलसीडीच. मागं दिवा सतत पेटलेला, पुढं द्रवस्फटिकांची दारं. दारं किती उघडतात त्यावर उजेड बाहेर येतो. व्हीएची दारं घट्ट मिटतात, म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त. आयपीएसचे स्फटिक काचेला समांतर राहून फिरतात. त्यामुळं बाजूनं बघितलं तरी रंग फिरत नाहीत, पण दारातून थोडा उजेड झिरपतोच, आणि कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास राहतो. ओलेडला मागचा दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळं काळं म्हणजे खरोखर काळं.

टीएनचं एका दमात सांगून टाकतो. वेगवान असतो, पण जरा खाली सरकून बसलं की रंग उलटेपालटे दिसतात. ५४० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५४० वेळा चित्र बदलणारे, टीएन मॉनिटर निघाले आहेत, ते फक्त स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

आता खिडकी. आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत दुपारचा उजेड कसा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पश्चिमेची खिडकी असेल तर चार वाजता स्क्रीनवर गेमपेक्षा आपलंच तोंड जास्त दिसतं. अशा खोलीत व्हीएच्या ३०००:१ ला काही अर्थ उरत नाही, कारण बाहेरचा उजेड काचेवर पडून काळ्याचं राखाडी करून टाकतो. तिथं मॉनिटर किती उजळ आहे हे बघायचं. बरा आयपीएस ३५० ते ४०० निट्स (निट हे उजळपणाचं माप) पूर्ण पडद्यावर सलग देतो. ओलेडच्या खोक्यावर १००० निट्स छापलेले असतात, पण ते पडद्याच्या एका छोट्या तुकड्यापुरते. पूर्ण पांढरं पान उघडलं की तो २५० ते ३०० च्या आसपास येतो.

ओलेडमध्येही दोन जाती आहेत. एलजी डिस्प्लेचा डब्ल्यूओलेड आणि सॅमसंग डिस्प्लेचा क्यूडी-ओलेड. क्यूडी-ओलेडवर बाहेरचा उजेड पडला की काळा भाग जांभळट राखाडी दिसतो, कारण तो उजेड शोषायला पुढं पोलरायझरचा थर नसतो. मित्राकडं हे डोळ्यांनी बघितलं. सकाळी गॅलरीचं दार उघडं होतं तेव्हा साठ हजारांच्या पुढचा मॉनिटर माझ्या आयपीएसपेक्षा उणा वाटला. रात्री त्यानं ट्यूबलाइट बंद केली, आणि मी दहा मिनिटं काहीच बोललो नाही.

रात्रीचं गणित असं उलटं आहे. अंधाऱ्या गुहा, भुताटकीचे वाडे, पावसातली रात्र, असले गेम अंधार करून खेळायचे असतील तर आयपीएसचं दुखणं उघडं पडतं. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत धुक्यासारखी पांढुरकी झाक दिसते. मान हलवली की ती झाक जागा बदलत असेल तर तो आयपीएसचा स्वभाव समजायचा, त्यावर दुरुस्ती नाही. जागा न बदलता कडेला पिवळट डाग राहत असेल तर तो बॅकलाइटचा गळका उजेड. जास्त असेल तर मॉनिटर बदलून मागा. फोननं फोटो काढून घाबरू नका, कॅमेरा तो डाग दुप्पट करून दाखवतो. व्हीएवर हे दुखणं जवळजवळ नाही, ओलेडवर अजिबात नाही.

मग व्हीए का सोडला? दोन कारणं.

पहिलं, काळ्याची शेपटी. अंधाऱ्या भागातून काही वेगानं सरकलं की त्यामागं काळपट ओघळ राहतो, कारण व्हीएचे पिक्सेल गडद छटेवरून थोड्या कमी गडद छटेवर जायला फार वेळ लावतात. १४४ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्राला, ६.९४ मिलिसेकंद मिळतात, २४० वर ४.१७. पिक्सेलला याहून जास्त वेळ लागला तर पुढची फ्रेम आली तरी मागची पुसलेली नसते. खोक्यावरचं "१ एमएस" सगळ्यात सोयीच्या छटांवर मोजलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आणि थंडीत हे वाढतं. द्रवस्फटिक गारठला की जड होतो. परभणीची थंडी तुम्हाला माहीत असेल, डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो. पहाटे स्क्रीन चालू केली की पहिला काही वेळ शत्रूच्या मागं सावलीचं शेपूट लांब दिसायचं, तापली की आखूड व्हायचं.

दुसरं कारण जरा गमतीचं. अंधाऱ्या दृश्यात स्क्रीन लुकलुकायला लागली. मला वाटलं व्होल्टेज खालीवर होतंय, उन्हाळ्यात आमच्याकडं ते नवीन नाही. वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावला, पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, दोनशे तीस दाखवतंय. लाइटमधी काही नाही, तुमच्या डब्यातच काहीतरी आहे." त्याचं खरं होतं. फ्रीसिंक चालू होतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड जितक्या फ्रेम देईल तितक्याच वेगानं स्क्रीन चालायची. फ्रेम ९० वरून ५० वर, पुन्हा ८० वर अशा उड्या मारायला लागल्या की व्हीएच्या गडद छटांचा उजेड प्रत्येक वेळी थोडा बदलतो, आणि डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं. फ्रेमवर मर्यादा घातली तसं थांबलं. ओलेडवरही हे होतं, आयपीएसवर फार कमी. वायरमनला चहा आणि शंभर रुपये गेले ते वेगळेच.

वेगात ओलेडच्या जवळपास कोणी नाही. कागदावर ०.०३ मिलिसेकंद, आणि डोळ्यांनाही ते पटतं. पण व्हॅलोरंटसारखा वेगवान नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यानं आधी आपलं ग्राफिक्स कार्ड बघावं. चांगला वेगवान आयपीएस १८० हर्ट्झला मागं पडत नाही, आणि कार्डच ७० फ्रेम देत असेल तर पॅनेलला दोष देण्यात काय मतलब?

अक्षरांचा मुद्दा मराठीत काम करणाऱ्यांसाठी मोठा आहे, आणि तो परीक्षणांत सापडत नाही, कारण ती परीक्षणं इंग्रजी अक्षरं बघून केलेली असतात. क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात बसवलेले असतात, हिरवा एकीकडं आणि बाकीचे दोन त्याच्या खाली. त्यामुळं आडव्या कडांना हिरवी-गुलाबी किनार दिसते. आता देवनागरीत आडवं काय असतं? शिरोरेखा! प्रत्येक शब्दावर एक लांब आडवी रेघ. मित्राच्या २७ इंची १४४०पी (वरून खाली १४४० ठिपक्यांच्या) स्क्रीनवर मी एक पत्रिका उघडली, तर "शुभविवाह" या शब्दाला वरून बारीक हिरवी जर लावल्यासारखी दिसली. गेममध्ये हे कळणारही नाही. आठ तास मजकूर बघणाऱ्याला मात्र कळतं. २७ इंचांत त्याहून दाट ठिपक्यांचा ४के घेतला तर ठिपके इतके बारीक होतात की त्रास जवळपास संपतो, पण किंमतही तशीच चढते. आयपीएसवर हा प्रश्न नाही. व्हीएवर किनार नसते, पण मोठ्या स्क्रीनच्या कडेला रंग फिके पडतात. पत्रिकेतला मरून मधे मरून आणि कडेला विटकरी, असं झालं की गिऱ्हाइकाला काय सांगणार?

ओलेड घेणार असाल तर भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डाच्या बटणाबद्दल आधीच घरात बोलून घ्या. ओलेडवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा ठसा उमटू शकतो. टास्कबार, गेममधला नकाशा, स्कोअर, सगळं त्यात आलं. ते टाळायला साधारण चार तासांच्या वापरानंतर स्क्रीन बंद असताना मॉनिटर स्वतःच काही मिनिटं पिक्सेलची साफसफाई करतो. त्यासाठी त्याला लाइट चालू लागते. आपल्याकडं आई झोपण्याआधी घरभर फिरून एकूण एक बटण बंद करते, आणि ती नाही तर भारनियमन करतं. साफसफाई अशी रोज चुकली तर ठसा लवकर बसेल. अनेक कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात. त्यात ठसा धरलाय की नाही, हे भारतातल्या वॉरंटीच्या कागदावर स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर राहू नका.

छोटा यूपीएस कुठल्याही पॅनेलला घ्याच. २७ इंची आयपीएस ३०-४० वॅटच्या आसपास खातो, ताण आहे तो कार्डाचा. आणि हो, यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं ते व्होल्ट-अँपिअर, त्याचा व्हीए पॅनेलशी काही संबंध नाही. हसू नका, मला एकानं खरंच विचारलंय.

धूळही विसरू नका. क्यूडी-ओलेडचा वरचा थर नाजूक असतो. कोरड्या पंचानं धूळ पुसली की ओरखडे पडतात. मऊ मायक्रोफायबर, किंचित ओलं. उष्णतेचं म्हणाल तर बहुतेक मॉनिटरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते सहज ओलांडलं जातं. एलसीडी ते निभावून नेतो. ओलेडला उष्णता आणि जास्त ब्राइटनेस दोन्ही झिजवतात. कूलर नसलेल्या खोलीत मी तो लावणार नाही.

मिनी-एलईडी हा मधला मार्ग. एलसीडीच, पण मागचा दिवा शेकडो तुकड्यांत वाटलेला, जिथं अंधार तिथला तुकडा विझतो. उजळ खोलीत आणि अंधारातही चालतो, ठशाची भीती नाही. फक्त काळ्या पडद्यावर माउसच्या बाणाभोवती उजेडाचं वलय दिसतं. कामाच्या वेळी ते तुकड्यांचं विझणं बंद ठेवायचं, म्हणजे झालं. पैसे असतील तर मराठवाड्यातल्या खोलीला ओलेडपेक्षा मला हा जास्त शहाणा वाटतो.

पैशांचं बोलायचं तर २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झ आयपीएस साधारण वीस हजारांच्या आगेमागे मिळतो, तसलाच व्हीए थोडा स्वस्त, ओलेड त्याच्या अडीच-तीन पट. मोठ्या स्क्रीनचा मोह असेल तर ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

भाच्याची खिडकी पश्चिमेलाच निघाली. दिवसा कोडिंग, संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, रात्री आई बटण बंद करणार. त्यानं आयपीएस घेतला. आठ दिवसांनी पुन्हा फोन, "मामा, रात्री कोपरे पांढरे दिसतात."

"ब्राइटनेस किती आहे?"

"शंभर."

"तीसवर आण. आणि बारावीचा तो टेबललॅम्प आहे ना, तो मॉनिटरच्या मागं ठेव, तोंड भिंतीकडं करून."

थोड्या वेळानं फोटो आला. मागची भिंत पिवळसर उजळलेली आणि स्क्रीनचे कोपरे बऱ्यापैकी काळे. खाली लिहिलं होतं, "चालतंय. पण पुढच्या वेळी ओलेडच."