लॅटिन गाण्यांतील सुटे गायन रिमिक्समध्ये वापरताना : आठ महिन्यांचा अनुभव

मी म्हापशात लग्नसमारंभांना आणि पणजीत साल्सा-बचाता या लॅटिन नाचांच्या संध्याकाळींना डीजे म्हणून वाजवतो. डीझर कंपनीने 2019 मध्ये ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर मोफत खुले केल्यापासून तयार गाण्यातला गायकाचा आवाज वेगळा काढणे कोणालाही शक्य झाले. मी मात्र त्याच धर्तीच्या एका नव्या सॉफ्टवेअरवर गेल्या आठ महिन्यांतच नियमित काम करू लागलो.

बचाताने फारसा त्रास दिला नाही. मी निवडलेली गाणी बहुतेक 128 बीपीएमच्या (मिनिटाला पडणारे ठोके) आसपासची असल्यामुळे ती 124 च्या हाउस (क्लबमधले इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) बीटवर आणली तरी आवाज ओढल्यासारखा वाटत नाही. फक्त ग्वीरा या पत्र्याच्या वाद्याची खरखर गायकाच्या ‘स’ला वाळूसारखी चिकटून येते.

साल्साची गोष्ट वेगळी आहे. 190 बीपीएमचे गाणे 95 च्या रेगेटॉन या लॅटिन नृत्यसंगीताच्या ठेक्यावर न ताणता बसते, कारण साल्साची दोन मापे (एक माप म्हणजे चार ठोके) रेगेटॉनच्या एका मापात मावतात. नेमका इथेच मी फसलो. साल्साचा पायाभूत ठेका असलेला क्लावे म्हणजे दोन मापांत विभागलेले पाच ठोके, एकात तीन, दुसऱ्यात दोन. सॉफ्टवेअर क्लाव्याचा आवाज पुसते, पण गायकाची ओळ त्याच चालीवर बांधलेली राहते. मी सुरुवातीचे एक माप कापून टाकले आणि खाली क्लाव्याचा नवा लूप लावला. माझ्या कानाला ते बरे वाटले. नाचणाऱ्यांची पावले मात्र अडखळू लागली. शेवटी एका वयस्कर नृत्यशिक्षकांनी माझ्या टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवले, तेव्हा चूक कळली : एक माप कापल्यामुळे गायकाच्या ओळीतला तीन-दोनचा क्रम माझ्या लूपच्या उलट झाला होता. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावात मी ‘3-2’ किंवा ‘2-3’ लिहून ठेवतो.

मेट्रोनोमशिवाय (एकसारखे ठोके देणारे यंत्र) ध्वनिमुद्रित झालेली जुनी गाणी शेवटाकडे धावतात. ती दर चार मापांनी हाताने जुळवावी लागतात आणि त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 नुसार ध्वनिमुद्रण आणि संगीतरचना यांचे हक्क वेगवेगळे असल्याने हे रिमिक्स मी कुठेही प्रसिद्ध करीत नाही.

कोरोच्या, म्हणजे समूहाने गायच्या, ओळींवर ट्रम्पेट इतके चढलेले असतात की सुट्या आवाजातही त्यांची सावली उरते, म्हणून त्या ओळी मी चर्चच्या गायनवृंदातील दोन मित्रांकडून नव्याने गाऊन घेतो. त्यांना पोर्तुगीज येत असल्यामुळे स्पॅनिश शब्द पटकन जिभेवर बसतात; स्पॅनिशमध्ये ‘होता’ म्हटल्या जाणाऱ्या J या अक्षराचा उच्चार ‘झ’ नव्हे, ‘ख’सारखा करायचा, ही आठवण मात्र दर वेळी करून द्यावी लागते.