दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन: बीपीसाठी नाही, चक्करसाठी घेतलं (४/५)

आधीच सांगते, मला बीपी नाही. तरी हे मशीन घेतलं आणि दोन हजाराच्या आसपास गेलेले पैसे पुरेपूर वसूल झाले, ते कसे ते सविस्तर लिहितेय, कारण ऑनलाइन बघावं तर सगळे रिव्ह्यू "बाबांसाठी घेतलं, पॅकिंग छान" एवढ्यावरच संपतात.

कोविड होऊन गेल्यावर मला नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधारी, हातपाय गार. आडवं पडलं की थोड्या वेळात सगळं जागेवर. डोंबिवलीहून दादरपर्यंत लोकलमध्ये उभं राहणं तर सोडाच, गणपतीत आरत्या लांबल्या की मी आधी टेकायला भिंत शोधायचे, तर सासूबाईंच्या एका मैत्रिणीने हळूच विचारून घेतलं की हिच्या अंगात वगैरे येतं का. सीबीसी, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी, टूडी इको, सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी "टेन्शन घेता का फार?" आणि टेन्शनची गोळी. अहो, ईसीजी आणि इको तुम्ही झोपवून काढता आणि मला होतंय उभ्याने, पण ओपीडीत एवढं ऐकायला वेळ कुणाला आहे.

मग काय, रात्री मोबाईल. "चक्कर का येते" एवढंच टाकलं तर कानापासून ब्रेन ट्यूमरपर्यंत सगळं दाखवतं, झोप उडते ती वेगळीच. त्रास कधी सुरू होतो आणि कशाने थांबतो हे घालून शोधलं तेव्हा कुठे पॉट्स हे नाव पुढे आलं. म्हणजे उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० ठोके किंवा त्याहून जास्त वाढते (१२ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये ४०), वाढलेलीच राहते, बीपी मात्र फारसं पडत नाही, आणि हे किमान तीन महिने चाललेलं असतं. हे नाव १९९३ पासून चालू आहे, तरी मला तोपर्यंत कुणी ऐकवलं नव्हतं.

हे घरी तपासायची एक साधी पद्धत आहे, तिला नासा लीन टेस्ट म्हणतात. मशीन घेतलं ते यासाठीच. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहायचं, रीडिंग घ्यायचं, मग उभं राहून फक्त पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकवायचा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दहा मिनिटं दर मिनिटाला रीडिंग. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. शेजारी कुणीतरी उभं पाहिजेच, एकटीने अजिबात करू नका, आणि फार गरगरलं तर तिथेच थांबा. माझ्या वेळी नवरा वही घेऊन बसला होता. झोपून नाडी ७४, उभं राहिल्यावर पहिल्याच मिनिटाला १०१, दहाव्याला ११९. बीपी ११०/७० चं १०८/७८, म्हणजे जवळपास तिथेच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अगं तू तर जागच्या जागी धावतेयस."

आता मशीनबद्दल. आकडे स्पष्ट दिसतात, मेमरी आहे, वेळेसकट सगळं साठवतं, हे फार कामाचं. पण एका रीडिंगला अर्धा-पाऊण मिनिट जातं आणि दंड सारखा आवळून दुखायला लागतो. तीन रीडिंगची सरासरी काढायचा मोड असेल तर या टेस्टला बंद ठेवा. हात छातीच्या पातळीला टेकलेला हवा, लोंबकळत ठेवला तर बीपी उगाच जास्त येतं. पट्ट्यावर दंडाचं माप छापलेलं असतं, बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटर, दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. मनगटाचं मशीन स्वस्त मिळतं पण हात जरा वरखाली झाला की आकडे बदलतात, मी नाही घेतलं. मधल्या मिनिटांना नाडी बघायला ऑक्सिमीटर चालतो, फक्त बोटं गार पडली किंवा नेलपॉलिश असलं की तो रुसतो.

पुढच्या डॉक्टरांकडे जाताना मी रोगाचं नाव तोंडातून काढलंच नाही. नाव घेतलं की "गुगल करून आलात का" हे ठरलेलं असतं. वहीचं ते एक पान पुढे सरकवलं, फक्त आकडे. त्यांनी ते दोनदा वाचलं, तिथेच झोपवून-उभं करून स्वतः नाडी मोजली आणि मग टिल्ट टेबल टेस्ट (टेबलावर झोपवून, पट्ट्याने बांधून ते टेबल हळूहळू उभं करत नाडी-बीपी बघतात ती) लिहून दिली. निदान त्यांनी केलं, मशीनने नाही, आणि अॅनिमिया, थायरॉईड, अंगातलं पाणी कमी होणं यानेही नाडी अशीच पळते, त्यामुळे आधीच्या त्या नॉर्मल रिपोर्टांची फाईल पण शेवटी उपयोगी पडलीच.

आता भरपूर पाणी, जास्तीचं मीठ, मांडीपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज आणि एक गोळी चालू आहे. मिठाचं मात्र माझं बघून कुणी करू नका, ज्यांना खरंच बीपी आहे त्यांना ते महागात पडेल.

एक स्टार कापला तो अडॅप्टरसाठी. बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि सेल बदलताना माझ्याकडच्या मशीनची तारीख-वेळ उडते, त्यामुळे टेस्टच्या आधी घड्याळ एकदा लावून घ्या.