ओडरबर्गरचं जुनं न्हाणीघर (बर्लिन), आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात फिजिओने माझी मान बघितली आणि म्हणाली लॅपटॉप सोडता येत नसेल तर निदान पोहायला तरी लाग, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ओडरबर्गर श्ट्रासेवरच्या श्टाटबाडमध्ये (म्हणजे शहराच्या सार्वजनिक न्हाणीघरात) जातेय. आता जून आलाय म्हणून लिहिते. चार दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं "वॉव काय बिल्डिंग" एवढंच झालं असतं.

बिल्डिंग वॉव आहेच. १९०२ ची, लुडविग हॉफमन या बर्लिनच्या सरकारी आर्किटेक्टची. मोठ्या कमानी, उंच छत, आपण पाठीवर तरंगतोय आणि वर चर्चसारखं काहीतरी दिसतंय. पण बांधली कशासाठी, तर आजूबाजूच्या भाड्याच्या घरांत बाथरूमच नव्हती म्हणून. एका खोलीत अख्खं कुटुंब, संडास जिन्यात कॉमन. मी गिरगावच्या चाळीत वाढले, मला हे समजावून सांगावं लागलं नाही, फक्त आमच्याकडे मोरी तरी घरात होती. त्या काळी ओस्कार लासार म्हणून एक त्वचारोगाचे डॉक्टर होते (ज्यांच्या नावाची झिंकची पेस्ट असते तेच), त्यांचं म्हणणं प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्याला एक अंघोळ मिळालीच पाहिजे. आठवड्याला एक! आमच्या आजीने त्यांना मोरीत उभं केलं असतं.

पुढे हा भाग पूर्व बर्लिनमध्ये गेला, रस्त्याच्या टोकाला बर्लिनची भिंत. १९८६ मध्ये आतल्या पोहण्याच्या तलावाला तडे गेले म्हणून तो बंद झाला आणि मग तीस वर्षं तसाच. मधे तिथे पार्ट्या, प्रदर्शनं वगैरे झाली, आसपासच्या लोकांनी सहकारी संस्था काढून वाचवायची धडपड केली, शेवटी मागच्याच गल्लीतल्या एका भाषाशाळेने विकत घेतलं आणि २०१६ ला हॉटेल, तलाव आणि सॉना (घाम काढायची गरम लाकडी खोली) असं करून उघडलं.

आता वापराचं. तलाव २० मीटरचा आहे, खोल नाही, ट्रायथलॉनवाल्यांनी येऊ नये, चार हात मारले की भिंत. माझ्यासारख्या ब्रेस्टस्ट्रोकवालीला एकदम बरोबर. तलावाचा तळ वर उचलता येतो आणि मग त्याच जागी हॉल होतो, कार्यक्रमांसाठी. म्हणजे त्या दिवशी पोहणं नाही, हे वेबसाइटवर असतं, मी एकदा न बघता थंडीत बॅग घेऊन गेले आणि परत आले, चूक माझीच.

सॉनाबद्दल आपल्या लोकांना आधीच सांगते: जर्मनीत सॉनात कपडे नसतात, बायका-पुरुष एकत्र, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मी पहिले दोन महिने सॉनाच्या दारावरूनच परत यायचे. मग एकदा जानेवारीत हाडं गोठली होती तेव्हा गेले. नियम एकच पाठ करा, टॉवेल मोठा न्या, पायसुद्धा टॉवेलवरच, घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये, नाहीतर एखाद्या आजी प्रेमाने पण मोठ्याने सांगतात. मान? सत्तर टक्के बरी. त्यात सॉनाचं किती आणि दोन तास फोन लॉकरमध्ये असण्याचं किती कुणास ठाऊक.

खटकतं ते एवढंच, की ज्यांच्या घरी बाथरूम नव्हती त्यांच्यासाठीची जागा आता घरी छान बाथरूम असलेल्या माझ्यासारख्या लोकांनी भरलीये. आईने व्हिडिओ कॉलवर नेमकं तेच विचारलं, "पैसे देऊन अंघोळीला जातेस? गीझर बिघडलाय का?" ती जुलैत येतेय, पोहायला तयार आहे, पंजाबी ड्रेस चालणार नाही हेही पटलंय. सॉनाचं मात्र अजून सांगितलेलं नाही.